चिलखत एकाचे, घाव दुसऱ्याला

महिन्यातून दोन रविवारी दुपारची जेवणे उरकली की आमच्याकडे जेवणाचे टेबल पुसून कोरडे केले जाते आणि त्यावर कागद, पेन्सिली व फाशांची डबी येते. माझे भाऊजी, त्यांची मुलगी म्हणजे माझी भाची, तिच्या कॉलेजातले दोन मित्र आणि मी असे पाच जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळतो. चौघे आपापले एक पात्र घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, कोणी चोर. पाचवा, म्हणजे मी, संचालक. अरण्य, किल्ले, राक्षस आणि खजिना हे सारे मी उभे करायचे आणि त्यात ही चार पात्रे काय करतात ते ऐकत गोष्ट पुढे न्यायची. पट नसतो, हारजीत नसते. एकच गोष्ट दोन-दोन वर्षे चालते.

गेल्या पावसाळ्यात या गोष्टीत भाचीची जादूगारीण मेली. अशी मरणे खेळात होतातच. पण फासे आवरताना ती म्हणाली, “मामा, तो राक्षस तू बाबांसाठी आणला होतास ना? मग मी का मेले?” मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री कागद घेऊन आकडेमोड करत बसलो, आणि मग या खेळातली चिलखते, जादूच्या वस्तू आणि त्यांवरच्या मर्यादा यांचा पन्नास वर्षांचा इतिहास उलगडत गेलो. भाचीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात होते.

एका फाशाचा हिशेब

आधी यंत्रणा समजून घेऊ. प्रत्येक पात्राला एक अंक असतो. इंग्रजीत त्याला ‘आर्मर क्लास’ म्हणतात. आपण त्याला चिलखत-अंक म्हणू. शत्रूने वार केला की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि आलेल्या आकड्यात त्या शत्रूचा आक्रमण-अंक मिळवायचा. बेरीज चिलखत-अंकाइतकी किंवा त्याहून जास्त झाली तर वार लागला, नाहीतर हुकला. शिवाय फाशावर थेट २० आले तर वार लागतोच आणि १ आला तर हुकतोच.

२०१४च्या नियमपुस्तकातले उदाहरण घ्या. गॉब्लिन हा क्षुद्र राक्षस, त्याचा आक्रमण-अंक ४. पूर्ण पोलादी चिलखताचा अंक १८. म्हणजे गॉब्लिनला फाशावर १४ किंवा जास्त हवेत, वार लागण्याची शक्यता ३५ टक्के. हातात ढाल घेतली की अंक २० होतो आणि शक्यता २५ टक्क्यांवर येते. अंक २४ झाला की फक्त २०च्या फाशावर वार लागतो, म्हणजे ५ टक्के.

प्रत्येक जादा अंकाने शक्यता पाच टक्क्यांनीच कमी होते, तेव्हा पहिला अंक आणि शेवटचा अंक यांची किंमत सारखीच, असे वरवर वाटते. मीही वर्षानुवर्षे तसेच समजत होतो. पण शंभर वारांचा विचार करा. पन्नास लागत होते, चिलखत एका अंकाने वाढले, आता पंचेचाळीस लागतात. जखमा दहा टक्क्यांनी घटल्या. दुसऱ्या पात्राला शंभरातले दहाच लागत होते, तेवढ्याच एका अंकाने ते पाचवर आले. जखमा निम्म्या झाल्या. म्हणजे ज्याच्याकडे आधीच भरपूर चिलखत आहे त्याला पुढचा अंक सर्वांत जास्त फळतो. पैशाने पैसा वाढतो, तसे हे चिलखताने चिलखत वाढते. संचालकाने खजिना वाटताना डोळ्यांत तेल घालून बसावे ते यासाठी.

मर्यादांचा इतिहास

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध केला. त्याची मुळे छोट्या शिशाच्या सैनिकांनी खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत होती. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा ‘चेनमेल’ हा तसला खेळ १९७१चा, आणि त्याचे नावच साखळी चिलखतावरून पडलेले. १९७४च्या पुस्तकांत चिलखत-अंक उलटा होता. परीक्षेतल्या क्रमांकासारखा, जितका लहान तितका चांगला. अंगावर काहीच नसेल तर ९, पोलादी चिलखत आणि ढाल असेल तर २. सगळी शिडी आठ पायऱ्यांची. फरक होता, पण शिडी आखूड होती.

जादूगाराला चिलखत घालायला मात्र तेव्हा सरळ बंदी होती. वास्तवाशी याचा फारसा संबंध नाही. युरोपातले युद्धात वापरायचे पूर्ण चिलखत साधारण १५ ते २५ किलोचे असे आणि मापाने बसवलेले असले तर घालणारा त्यात धावूही शके. मंत्र म्हणायला त्याची अडचण ती काय होणार? पण जो दुरून अग्नीचे गोळे फेकतो त्याला चिलखतही मिळाले, तर तलवारवाल्याने टेबलाशी बसायचे कशासाठी? बंदीचे खरे कारण हे होते.

जादूच्या वस्तू आल्या तशी शिडी लांबत गेली आणि मर्यादांचे नियमही आले. १९७८च्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात पॅलाडिन या धर्मनिष्ठ योद्ध्यावर बंधन आहे. जादूच्या दहाच वस्तू जवळ ठेवायच्या. एक चिलखत, एक ढाल, चार शस्त्रे आणि इतर चार. बाकीच्या सोडून द्यायच्या. हे बंधन अपरिग्रहाच्या व्रतासारखे मांडले आहे, पण काम हिशेबाचे करते. पुढच्याच वर्षी, १९७९च्या संचालकाच्या पुस्तकात, रक्षण करणारी अंगठी जादूच्या चिलखतासोबत चिलखत-अंक वाढवत नाही, असा नियम आहे. दोन संरक्षणांची बेरीज होऊ द्यायची नाही, हा त्यामागचा विचार.

२००० साली तिसरी आवृत्ती आली. चिलखत-अंक सरळ झाला, मोठा तो चांगला. संरक्षणाचे प्रकार ठरले आणि एकाच प्रकारच्या दोन संरक्षणांची बेरीज सहसा होणार नाही असे ठरले. शरीरावरच्या जागा वाटून दिल्या. दोन अंगठ्या, एक झगा, एक कंबरपट्टा, एक जोड पादत्राणे. चिलखतावरची वाढ जास्तीत जास्त पाच. कागदावर बंदोबस्त चोख होता. पण प्रत्येक प्रकारातली एकेक वस्तू घ्यायला मनाई नव्हती, त्यामुळे खेळाडूंनी सगळ्या जागा भरल्या. अशा पात्राला तिकडचे खेळाडू ‘नाताळचे झाड’ म्हणू लागले. आपल्याकडे दागिन्यांनी मढवलेल्या गौरींची आठवण यावी. त्याहून वाईट म्हणजे नियमकर्त्यांनी ही आरास गृहीत धरूनच पुढच्या पातळ्यांचे राक्षस बेतले होते. त्यामुळे जादूचे चिलखत हे बक्षीस राहिले नाही, ते कर भरल्यासारखे झाले. घेतले नाही तर मागे पडणार, आणि घेतले तरी जिथे होता तिथेच राहणार.

याची प्रतिक्रिया म्हणजे २०१४ची पाचवी आवृत्ती. तिच्यात आकड्यांना मुद्दाम लगाम घातला. जादूच्या चिलखताची वाढ पाचवरून तीनवर आणली आणि अशी चिलखते दुर्मीळ केली. कित्येक प्रबळ वस्तूंसाठी ‘अट्यूनमेंट’ची अट आली. पात्राने ती वस्तू जवळ घेऊन तासभर विसावा घेतला की दोघांचे सूर जुळतात, आणि एका पात्राचे सूर एका वेळी तीनच वस्तूंशी जुळू शकतात. चौथी हवी तर आधीची एक सोडा. ‘पाथफाइंडर’ या भावंडखेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत अशीच मर्यादा दहा वस्तूंची आहे.

तीनच्या या नियमाचे मला कौतुक आहे, कारण तो निवड करायला लावतो. उडण्याचा झगा ठेवायचा की सोडायचा, हे ठरवताना आपले पात्र कोण आहे हे खेळाडूला कळत जाते. पण माझी चूक नेमकी इथे झाली. किती वस्तू आणि किती संरक्षण या दोन वेगळ्या मर्यादा आहेत, हे माझ्या लक्षात आले नव्हते. पाचव्या आवृत्तीत साध्या जादूच्या चिलखताला आणि ढालीला सूर जुळवावे लागत नाहीत. तीनच्या मोजणीत ती येतच नाहीत. त्यांच्यावर लगाम एकच, त्यांची दुर्मीळता. आणि दुर्मीळता म्हणजे दुसरे काय? संचालकाचा हात.

माझा हात सैल सुटला

भाऊजींचा योद्धा हा आमच्या गोष्टीतला लाडका. दोन वर्षांत मी त्याला काय काय दिले ते त्या रात्री मांडून पाहिले. पोलादी चिलखत १८, त्यावर जादूची वाढ २. ढाल २, तिच्यावरही वाढ २. रक्षणाची अंगठी १, रक्षणाचा झगा १. एकूण २६. सूर जुळवण्याच्या वस्तू दोनच. नियम एकही मोडलेला नव्हता. भाऊजींनी काही मागितलेही नव्हते. एकेक बक्षीस देताना ते मला योग्यच वाटले होते. भाचीच्या जादूगारिणीचा अंक होता १२.

आता त्या दिवशीची लढाई. भाऊजींना काही लागतच नाही, त्यांना कंटाळा येतोय, म्हणून मी १५ आक्रमण-अंकाचा राक्षस आणला. भाऊजींवर त्याचा वार लागण्याची शक्यता ५० टक्के. म्हटले, आता रंगेल. पण तोच राक्षस जादूगारिणीकडे वळला तेव्हा ती शक्यता ९५ टक्के होती. फाशावर १ आला तरच ती वाचणार. तेवढ्या ताकदीच्या राक्षसाचा घावही तेवढाच मोठा. दोन फेऱ्यांत ती गेली. चिलखत वडिलांचे वाढले होते आणि घाव लेकीला बसले. तिचा प्रश्न रास्त होता.

चिलखताची मर्यादा राक्षसाच्या बाजूने नसते. संचालकाकडे राक्षसांना तोटा नाही, त्याने मनात आणले तर तो कुठलेही चिलखत फोडू शकतो. मर्यादा असते ती टेबलाशी बसलेल्या सर्वांत दुबळ्या पात्रासाठी. एका टेबलावर एकच संकट सर्वांना मिळून भ्यायचे असते. दोघांच्या अंकांत चौदाचे अंतर पडले की एकाला भय उरत नाही आणि दुसऱ्याला वाचण्याची आशा उरत नाही.

काढून घेणे आणि सोडून देणे

दिलेले परत कसे घ्यायचे? या खेळात त्यासाठी सत्तरच्या दशकापासून एक प्राणीच आहे. लोखंड गंजवून खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’. तो सोडायचा मोह मला झाला. पण हा मार्ग आपल्याला फार जुना माहीत आहे. महाभारतात कर्णाची कवचकुंडले हा असाच पेच होता, आणि इंद्राने तो ब्राह्मणवेषात जाऊन सोडवला. मोबदल्यात दिलेली शक्ती एकदाच चालणारी, आणि तीही शेवटी घटोत्कचावर खर्ची पडली. पण इंद्र अर्जुनाचा पिता. तो तटस्थ संचालक नव्हता, म्हणून त्या प्रसंगात आपले मन कर्णाकडे जाते. वेष पालटून काढून घेतलेले चिलखत खेळाडूच्या मनात कायम सलत राहते.

म्हणून मी कपट न करता आकडे भाऊजींसमोर ठेवले. अंगठी आणि झगा त्यांनी लेकीच्या नव्या पात्राला दिला तर त्यांचा अंक २४, तिचा १४. पूर्वी मी ९ आक्रमण-अंकाचा राक्षस आणला असता तर त्यांना वार लागण्याची शक्यता २० टक्के होती आणि तिला ९०. आता मी ७ अंकाचा राक्षस आणू शकतो. भाऊजींना अजूनही २०च टक्के, पण तिला ७०. भाऊजींनी दोनदा बेरीज तपासली. ते बँकेत होते, तोंडी हिशेब मानत नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे माझं काहीच जात नाही?”

“नाही,” मी म्हणालो, “मी खाली उतरलो की तुमचं काहीच जात नाही.”

एवढे समजायला मला दोन वर्षे आणि एक जादूगारीण लागली. खेळ सुरू करू पाहणाऱ्यांना मी आता तीन गोष्टी सांगतो. चिलखत-अंकाचे टेबलावरचे सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान मूल्य शेजारी शेजारी लिहून ठेवा आणि त्यांच्यातले अंतर दहाच्या पुढे जाऊ लागले की हात आवरा. बक्षीस म्हणून संरक्षण देण्याऐवजी काहीतरी करता येईल अशी वस्तू द्या. भिंतीवर चालता येणारे जोडे किंवा प्राण्यांची भाषा कळणारी माळ गोष्ट पुढे नेते, आणखी एक अंक ती थांबवतो. आणि एखाद्याला काही लागतच नसेल तर राक्षस मोठा करण्याआधी संकट बदला. पोलाद तलवार अडवते, पण पुराचे पाणी, अग्नीचा श्वास किंवा खोटी साक्ष अडवत नाही.

पुढच्या रविवारी भाऊजींच्या योद्ध्याने झगा आणि अंगठी काढून नव्या जादूगारिणीपुढे ठेवली. सूर जुळायला तासभर लागतो, तेवढा विसावा पात्रांनी घेतला. आम्ही तोवर चहा केला. मग मी सात अंकाचा राक्षस आणला. त्याचा पहिला वार भाचीवरच होता. फाशावर सहा आले आणि वार एका अंकाने हुकला. झगा नसता तर लागला असता. हे तिने मोठ्याने सांगितले, आणि भाऊजींनी काही न बोलता फासे आपल्याकडे ओढले.