मुडबीला शेजार उमरग्याचाही

मुडबी हे बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातलं गाव. एकीकडे कलबुर्गी जिल्हा जवळ, दुसरीकडे तालुक्याची कड महाराष्ट्राच्या धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्याला भिडलेली. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यात होता. मग बीदर जिल्ह्यातले निलंगा, उदगीर, अहमदपूर तालुके मराठवाड्याकडे गेले आणि बसवकल्याण, भालकी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. सोयरिकी, बाजार आणि दवाखान्याच्या वाटा हद्द ओलांडून चालूच आहेत. आपत्तीची तयारी मात्र हद्दीशी थांबते. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा हा तयारीचा मुख्य घटक धरला. बीदरचा आराखडा बीदरचा, धाराशिवचा धाराशिवचा. सीमेवरच्या गावांनी आपसात आधीच करार करून ठेवले नाहीत, तर पहिल्या काही तासांत दोन्ही सरकारं त्यांना पुरी पडणार नाहीत, आणि पुढच्या पुनर्वसनात गावाला कुणी विचारणारही नाही.

याचा पुरावा हाकेच्या अंतरावर आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर-धाराशिवच्या किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. सरकारी आकड्यांनुसार जवळपास 8 हजार माणसं गेली. माणसं मेली ती मुख्यतः भिंतींखाली. दोन-अडीच फूट जाडीची भिंत, आत-बाहेर दगडांच्या दोन पाळ्या, मधे चिखल आणि बारीक दगडांची भर. दोन्ही पाळ्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसायचाच. वर माळवद, आणि गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षं चढवत नेलेले मातीचे थर. कितीतरी घरांत लाकडी खण उभे राहिले आणि भिंती तेवढ्या आत-बाहेर कोसळल्या. ढिगारे पहिल्यांदा उपसले ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. लष्कर आलं, त्याने अफाट काम केलं. पण गाडलेल्या माणसाच्या दृष्टीने पहिले तास मोलाचे असतात, आणि ते तास शेजाऱ्याच्याच हातात असतात. आजही महाराष्ट्रासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे, तर कर्नाटक ज्या दहाव्या बटालियनकडे येतं तिचं ठाणं आंध्र प्रदेशात. मुडबीला कुठूनही यायचं तर वेळ लागणारच.

पुनर्वसनाचा धडा याहून खोल आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या कामाला दोन तोंडं होती. 52 गावं नव्या जागी उठवली गेली. तिथे घराचं क्षेत्रफळ जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. रस्ते रुंद, आखणी शहरासारखी, आणि अनेक ठिकाणी बांधकाम कंत्राटदारांचं. दुसरीकडे शेकडो गावांत पडझड झालेली घरं मालकांनीच, टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या पैशातून, दुरुस्त करायची होती. या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक केलं. पैसा कुणाचा अडला, गवंडी आरपार दगड घालतो की नाही, माळवदावरची माती उतरवली का, हे त्या बघू लागल्या. घराची माहिती असणारी बाई देखरेखीला बसली की कामात चालढकल करणं अवघड होतं. भागीदारी म्हणतात ती हीच. श्रमदानाला माणसं बोलवायची आणि निर्णय तालुक्याला घ्यायचे, याला ते नाव देणं बरोबर नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे: गाव एक नसतंच. ‘लोकांना विचारा’ म्हटलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकलं जातं. तांडा, दलित वस्ती, एकटी बाई मागे राहते. हे खरंच आहे. पण जमिनीवरून घराचं माप ठरवणारा नियम सरकारचा होता, हेही विसरता येत नाही. वरून आलेला निर्णय आपोआप न्याय्य होत नाही. म्हणून करारात वस्तीवार माणसं हवीत, पैशाचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवला जायला हवा, आणि इशारे कन्नडबरोबर मराठी, उर्दू, लंबाणीतही पोचायला हवेत. पुराचा इशारा कळला नाही तर तो दिला काय नि न दिला काय.

दुसरा आक्षेप अधिकाराचा. बीदरचा पैसा उमरग्यात खर्च होणार नाही, हे मान्य. पण ट्रॅक्टर, जेसीबी, जनरेटर, गवंडी, परिचारिका यांची यादी एकमेकांकडे असायला कुठल्या मंजुरीची गरज आहे? ‘स्थानिक प्राधिकरणा’च्या व्याख्येत 2005 चा आपत्ती कायदा पंचायतींनाही धरतो आणि माणसं प्रशिक्षित ठेवण्याची, साधनं सज्ज ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकतो. हद्दीपलीकडे ज्ञान नेता येतं हे 2001 मध्ये दिसलंच: कच्छच्या भूकंपानंतर लातूर भागातल्या बायका तिथल्या बायकांना घरबांधणीचा अनुभव सांगायला गुजरातेत गेल्या. कच्छ गाठता आलं, तर उमरगा किती लांब? 2021 च्या ऑक्टोबरमध्ये कलबुर्गीच्या चिंचोळी तालुक्यात गडीकेश्वरला धक्के बसले आणि लोक घराबाहेर झोपू लागले. जुन्या दगडी भिंतींची गावं या पट्ट्यात अजून आहेत. किल्लारीनंतर आरपार दगड घालायला शिकलेले गवंडी आता उतारवयात असतील. त्यांच्या हातून मुडबी-उमरग्याच्या तरुण गवंड्यांनी एकत्र एक भिंत बांधून घ्यावी, पुढच्या पावसाळ्याआधी, ग्रामपंचायतीच्याच एखाद्या खोलीची.