थंडीच्या दिवसांत परड्यातल्या कोंबड्या

भाताच्या उडव्या रचून झाल्या आणि देवदिवाळीचे दिवस आले की कोकणात पहाटेचा गारठा सुरू होतो. आंब्याच्या बागायतदाराला तो हवाच असतो, कारण थंडी चांगली पडली तर मोहोर चांगला. परंतु त्याच घराच्या मागील दारी ज्या आठ-दहा कोंबड्या असतात, त्यांचा विचार सहसा कुणी करीत नाही. मग अंडी का कमी झाली, पिल्ले सकाळी मेलेली का सापडतात, कोंबडा पिसे फुगवून एका जागी का बसतो, अशी विचारणा पौष महिन्यात गावोगाव होते. विचारणाऱ्या बहुधा घरातल्या बायकाच असतात, कारण अंड्या-कोंबड्यांचा पैसा हा त्यांच्या हातचा पैसा. मुलांच्या वह्या, आठवड्याच्या बाजारातले तेल-मीठ, कधी दवाखान्याचा खर्च त्यातूनच निघतो. शिवाय शिमग्याला चाकरमानी गावी येतात तेव्हा गावठी कोंबड्याला चांगली मागणी असते; आणि शिमग्याला विकावयाचा कोंबडा म्हणजे अश्विन-कार्तिकात अंड्यातून निघालेले पिल्लू. ते पिल्लू थंडीतून निभावले तरच शिमग्याला चार पैसे दिसतात.

पुष्कळांचा समज असा की कोंबडी थंडीने मरते. मोठ्या कोंबडीच्या बाबतीत तो बरोबर नाही. कोंबडीच्या अंगाची उष्णता सुमारे ४१ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त असते. गारठा वाढला की ती पिसे फुगविते, पिसांत हवा कोंडली जाते आणि तीच तिची गोधडी होते. युरोप-अमेरिकेत आणि आपल्या काश्मिरात बर्फ पडतो तेथेही लोक कोंबड्या पाळतात. आपल्याकडे रत्नागिरी, गुहागर, राजापूरच्या किनारपट्टीला रात्रीचा गारठा बेताचाच. दापोलीच्या माळावर आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत तो अधिक; दापोलीचा पारा एखाद्या वर्षी १० अंशांच्या आसपास उतरतो. तरीही अंग कोरडे असलेल्या, पोट भरलेल्या मोठ्या कोंबडीला तेवढ्या थंडीने काही होत नाही. तिला बाधतो तो ओलावा आणि अंगावर सरळ येणारा वारा. पिसे भिजली की गोधडी गेली, आणि वाऱ्याने पिसे उडत राहिली तरीही तेच.

खुराडे कोंडू नये

नेमकी येथेच आपल्याकडे गफलत होते. थंडी पडली म्हणून मायेने खुराड्याला चारही बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद गुंडाळतात, फटींत चिंध्या कोंबतात. रात्रभर दहा कोंबड्यांचा श्वास आणि विष्ठेची वाफ आत साठते, प्लॅस्टिकला आतून घाम सुटतो आणि पहाटे तो पाण्याच्या थेंबांनी कोंबड्यांच्याच अंगावर गळतो. विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो, त्याने कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, नाक वाहते, गळ्यात घरघर लागते. याला लोक 'थंडी बाधली' म्हणतात. ती बाधा बहुतेक वेळा आपण कोंडलेल्या हवेची असते. पारख सोपी आहे. पहाटे खुराड्याचे दार उघडताच आपले तोंड आत घालून पाहावे. डोळ्यांना झोंबले तर हवा कमी पडते आहे असे समजावे.

मग करावे काय? कोकणात रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, म्हणजे थंडीचा झोत बहुधा पूर्वेकडून आणि उत्तरेकडून येतो. त्या दोन बाजूंना खालपासून कोंबड्यांच्या डोक्याच्या वर हातभर उंचीपर्यंत गोणपाट किंवा माडाची विणलेली झापे लावावीत. गोणपाटातून हवा थोडी खेळते, प्लॅस्टिकमधून खेळत नाही, म्हणून प्लॅस्टिक फक्त छपरावर. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या बाजूला छपराखाली वीतभर जागा उघडी ठेवून तिला बारीक जाळी मारावी. ओलसर हवा वर चढून तेथून निघून जाते आणि वारा कोंबड्यांच्या डोक्यांवरून जातो, अंगावर येत नाही. दार शक्यतो दक्षिणेला असावे, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दिवसभर ऊन आत येते.

आपली बरीच खुराडी जांभ्या दगडाची, पायरीखाली किंवा पडवीच्या कोपऱ्यात बांधलेली असतात. मुंगुसापासून, रानमांजरापासून ती उत्तम. परंतु जांभा पाणी पितो आणि पावसाळ्याची ओल त्यात बराच काळ राहते. म्हणून थंडीच्या तोंडाला सारी घाण काढून, आतून चुन्याचा हात फिरवून, दोन-तीन दिवस खुराडे उन्हाने वाळू द्यावे आणि मगच जमिनीवर भाताचे तूस किंवा सुतारकामाचा कोरडा भुसा चार-पाच इंच पसरावा. हे तूस दर दोन दिवसांनी काठीने खालीवर करावे. मूठभर तूस हातात दाबून पाहावे. गोळा झाला तर ते ओले आहे, काढून टाकावे. काढलेले तूस शेणखताच्या खड्ड्यात घातले तर पुढे माडाला आणि भाजीला कामी येते.

कोंबडी जमिनीवर झोपण्यासाठी जन्मलेली नाही. तिला दीड-दोन फूट उंचीवर दांडी द्यावी. दोन इंच जाडीचे, कडा गोल केलेले लाकूड चांगले. बारीक बांबू गुळगुळीत असतो आणि त्यावर पायाची पकड बसत नाही. दांडीवर बसून ती पोटाची पिसे पायांवर पसरते, म्हणजे पाय उबदार राहतात. दर कोंबडीमागे आठ इंच दांडी आणि दीड ते दोन चौरस फूट जागा धरावी. दहा कोंबड्यांना पाच फूट बाय चार फुटांचे खुराडे पुरते. फार मोठे खुराडे थंडीत बरे नव्हे, एकमेकींची ऊब त्यात वाया जाते.

संध्याकाळचा दाणा

मळणीच्या दिवसांत कोंबड्या खळ्यावर भात टिपून फुगलेल्या दिसतात आणि आपल्याला वाटते त्यांचे पोट चांगले भरले. पोट भरते, पण नुसत्या भाताने अंडे होत नाही. त्यातच पावसाळा संपता संपता कोंबड्या जुनी पिसे गाळून नवी घेतात, आणि पिसे काय किंवा अंडे काय, दोन्हीला प्रथिने लागतात. किडे-मुंग्या थंडीत कमी मिळतात. रत्नागिरीच्या माणसाला यावर उपाय शोधायला लांब जावे लागत नाही. सुकटीची चूर घरात असते. मूठभर चूर भाताच्या कोंड्यात आणि कण्यांत कालवून सकाळी द्यावी. मात्र खारवलेली सुकी मासळी देऊ नये. जास्त मीठ कोंबडीला विषासारखे आहे. पिल्ले तर त्याने पटकन मरतात. बिनमिठाची सुकट नसेल तर ती पाण्यात चांगली धुऊन, वाळवून मगच वापरावी. कवचासाठी कालवांचे आणि तिसऱ्यांचे शिंपले कुटून एका करवंटीत ठेवावेत, कोंबडी लागेल तेवढे आपणच टिपते. शेवग्याचा पाला, माठ, मुळ्याची पाने हिरव्या चाऱ्याला पुरतात.

दाणा संध्याकाळी, खुराड्यात जाण्याच्या तासभर आधी द्यावा. भात, नाचणी, मका, जे घरात असेल ते, दर कोंबडीमागे एक लहान मूठ. अख्खा दाणा सावकाश पचतो आणि पचताना अंगात ऊब तयार होते, लांब रात्र त्यावर निघते. बुरशी आलेला दाणा किंवा पेंड मात्र 'कोंबड्यांना चालेल' म्हणून टाकू नये, त्यातले विष यकृत खाते.

पाण्याबद्दल एवढेच की पहाटेचे गार पाणी कोंबड्या कमी पितात आणि पाणी कमी प्यायले की दाणाही कमी खातात. विहिरीचे ताजे पाणी कोमट असते, ते ओतावे.

दिव्याबद्दल हल्ली पुष्कळजण विचारतात. डिसेंबरात आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि अंड्यावरच्या संकरित कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो, हे खरे आहे. ज्यांनी अशा पन्नास-शंभर कोंबड्या ठेवल्या आहेत त्यांनी पहाटे दिवा लावून ती भर काढावी. संध्याकाळी लावला तर तो विझताच अंधारात कोंबड्या दांडी चुकतात. पण वर्षाला पन्नास-साठ अंडी देणाऱ्या आठ गावठी कोंबड्यांसाठी विजेचे बिल वाढवू नये, असे माझे मत आहे.

पिल्लांची ऊब

खरी काळजी पिल्लांची. तीन-चार आठवड्यांपर्यंत त्यांना पुरती पिसे नसतात आणि अंगाची उष्णता राखता येत नाही. खुडूक कोंबडी असेल तर ती आपले काम जाणते. आपण तिच्याखाली थंडीत बाराच्या ऐवजी नऊ-दहाच अंडी ठेवावीत, म्हणजे सगळी तिच्या पंखाखाली मावतात. पिल्ले निघाल्यावर आठवडाभर तिला डालग्याखाली कोरड्या जागेत ठेवावी आणि दंव वाळल्याशिवाय बाहेर सोडू नये. दंवाच्या गवतात भिजलेले पिल्लू संध्याकाळपर्यंत मान टाकते. पिल्लांचे पाणीही उथळ बशीत, मध्ये दोन गोटे टाकून द्यावे.

अडचण येते ती आई नसलेल्या पिल्लांची. बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराज अशा सुधारित जातींची पिल्ले गावात येतात ती गाडीतून, एका दिवसाची. त्यांच्यासाठी पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे दीड फूट उंचीचे गोल कुंपण करावे. गोलच करावे, कारण कोपरा असला की गारठलेली पिल्ले त्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. वर दिवा टांगावा, दर पिल्लामागे दोन वॅट या हिशोबाने, पंचवीस-तीस पिल्लांना ६० वॅटचा एक. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हल्लीच्या एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. एलईडीखाली पिल्ले ठेवून ती गारठून मेल्याची उदाहरणे घडली आहेत. तारेचा जुना पिवळा दिवाच मिळवावा.

पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी चालते. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्ले दिव्याखाली दाटी करून चिवचिवत असली तर दिवा खाली घ्यावा. चोच उघडून कुंपणाला चिकटली असली तर वर न्यावा. सगळीकडे पसरून निवांत बसली असली तर हात लावू नये. वीज गेली तर बाटल्यांत गरम पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून पिल्लांत ठेवाव्यात. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपू नये. तिचा वायू पिल्लांनाही मारतो आणि माणसांनाही.

मानमोडी

हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला गावेच्या गावे रिकामी करणारा रोग म्हणजे मानमोडी, ज्याला कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत गावाचे नाव पडले आहे. हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडून धाप, मग मान पिळवटते, पाय लुळे पडतात आणि दोन-चार दिवसांत खुराडे संपते. यावर औषध नाही. हळद, लसूण, कांद्याचा रस यांनी अपाय होत नाही, पण मानमोडी त्यांनी बरी होत नाही हे स्पष्ट सांगितले पाहिजे. उपाय एकच, लस. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लसीचा एक थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी लसीचे टोचण. या दुसऱ्या लसीला मुक्तेश्वर लसही म्हणतात, कारण ती तेथल्या संशोधन संस्थेत तयार झाली. पुढे दर सहा महिन्यांनी टोचून घ्यावे. देवीची लसही याच वयात, पण दोन्हींत दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवून.

मग लोक टोचून का घेत नाहीत? लसीची एक कुपी शंभर, दोनशे पक्ष्यांची असते. एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते, उरली तर फुकट. आठ कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? म्हणून हे काम एका घराचे नाही, वाडीचे आहे. बचत गटाच्या बैठकीत घरोघरच्या कोंबड्यांची मोजदाद करावी, पशुवैद्यकीय दवाखान्याशी दिवस ठरवावा आणि लस थर्मासमध्ये बर्फ घालून आणावी. टोचणी पहाटे, खुराडी उघडण्यापूर्वी व्हावी. एकदा कोंबड्या बाहेर पडल्या की वाडीभर पळापळ होते आणि निम्म्या राहून जातात. आठवडाभर आधी जंताचे औषध पाजलेले असावे. आजारी, मरगळलेल्या कोंबडीला टोचू नये. आणि रोग शिरल्यावर लसीसाठी धावण्यात अर्थ नसतो, हे काम कार्तिकातच करावे.

दुसरे संकट बर्ड फ्लूचे. महाराष्ट्रात तो प्रथम २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात कोंबड्यांत तो आढळला आणि त्याच सुमारास आपल्या दापोलीत मेलेल्या कावळ्यांतही. दोन्ही वेळा हिवाळाच होता, कारण याच दिवसांत परदेशी पाणपक्षी आपल्या खाड्यांवर आणि तळ्यांवर उतरतात. तेव्हा खाडीकाठच्या घरांनी कोंबड्यांचे दाणापाणी उघड्यावर ठेवू नये, बदके आणि कोंबड्या एकत्र कोंडू नयेत. कावळे, बगळे किंवा कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर उघड्या हाताने उचलू नयेत, पऱ्यात टाकू नयेत, दवाखान्यात लगेच कळवावे. घाबरून मरतुकड्या कोंबड्या बाजारात विकणे हा तर शेजाऱ्यावरच अन्याय. नीट शिजविलेले मांस आणि उकडलेली अंडी खाण्यास हरकत नाही. हा विषाणू ७० अंशांवर टिकत नाही.

उवा-पिसवांसाठी अंगणाच्या कोरड्या, उन्हाच्या कोपऱ्यात चुलीची राख आणि वाळू मिसळून एक उथळ खळगा करावा, त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला चुरून टाकावा. दुपारी कोंबड्या त्यात आपण होऊन लोळतात. आठवड्याच्या बाजारातून किंवा पाहुण्यांकडून नवी कोंबडी आणली तर तिला एकदम खुराड्यात सोडू नये. तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, घराच्या दुसऱ्या अंगाला ठेवावी, आणि तिचे दाणापाणी बाकीच्यांचे उरकल्यावर करून हात साबणाने धुवावेत.