पदवीविना आयटी: बंद दारं आणि किलकिली दारं

बारावीचे निकाल लागले की पुण्यात बसथांब्यांवर, रिक्षांच्या पाठीवर आणि मोबाइलच्या पडद्यावर एकच आश्वासन झळकायला लागतं: पदवीची गरज नाही, सहा महिन्यांत आयटीत नोकरी. त्याच सुमारास घराघरांत नेमकं उलटं ऐकवलं जात असतं: इंजिनिअरिंग जमत नसेल तर आयटीचं नाव काढू नकोस. दोन्ही वाक्यं ठणकावून सांगितली जातात आणि दोन्हींत अर्धंच सत्य असतं. पोरगं मात्र दोन्ही ऐकतं आणि गोंधळतं.

घोळ सुरू होतो तो आयटी म्हणजे एकच एक नोकरी असं धरून चालल्यामुळे. हिंजवडीतल्या एकाच इमारतीत कुणी कोड लिहितो, कुणी तो तपासतो, कुणी रात्रपाळीत सर्व्हरच्या अलर्टवर डोळे लावून बसतो, कुणी दिवसभर फोनवर लोकांचे पासवर्ड रिसेट करून देतो, तर कुणी टेबलाखाली वाकून लॅनची वायर बदलतो. पगारपत्रकात सगळे आयटीवालेच, पण पदवीची अट प्रत्येकाला वेगळी.

‘बिल गेट्सनं तरी कुठे पदवी घेतली होती?’

हा दाखला पहिल्यांदा निकालात काढू. गेट्सनं १९७५ मध्ये हार्वर्ड सोडलं हे खरंच. पण १९६८ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याच्या खासगी शाळेत संगणकाला जोडलेलं टर्मिनल होतं. त्या काळी अनेक कॉलेजांतही असलं काही नव्हतं. म्हणजे कॉलेज सोडताना सात वर्षांची प्रोग्रॅमिंगची सवय गाठीशी होती, वडील नामांकित वकील होते आणि धंदा बुडालाच तर परतायला हार्वर्ड होतं. शिवाय त्यानं कुणाकडे नोकरी मागितली नाही, कंपनी काढली. मालकाला शिक्षण किती, असं कोण विचारणार? आपला प्रश्न नोकरी मागणाऱ्याचा आहे.

‘गूगल, आयबीएम आता पदवी मागतच नाहीत’

आयबीएमच्या तेव्हाच्या प्रमुख जिनी रोमेटी यांनी २०१६ च्या अखेरीस ‘न्यू कॉलर’ नोकऱ्यांची भाषा सुरू केली: चार वर्षांची पदवी नको, कौशल्य हवं. पाठोपाठ अनेक अमेरिकी कंपन्यांनी जाहिरातींतून पदवीची अट काढली. प्रत्यक्षात नेमणुका कुणाच्या झाल्या, हे हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी तपासलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अहवाल दिला. अट काढल्याचा खराखुरा फायदा वर्षातल्या ७०० नेमणुकांमागे एकालाही धड मिळाला नव्हता. जाहिरात बदलली, मुलाखत घेणाऱ्याची सवय बदलली नाही.

आपल्याकडच्या मोठ्या सेवा कंपन्यांनी तर जाहिरातही फारशी बदललेली नाही. कॅम्पसवर बीई, बीटेक, एमसीए किंवा बीएस्सी-बीसीए, बहुतेकदा दहावीपासून साठ टक्के, वर बॅकलॉग नको. या अटींचा ज्ञानाशी संबंध थोडा आणि सोयीशी जास्त आहे. लाखांनी अर्ज येतात तिथे काहीतरी चाळणी लागते, आणि पदवी ही सगळ्यांत स्वस्त चाळणी. त्यात या कंपन्या ग्राहकाला माणसांच्या हिशेबानं बिल लावतात. परदेशी ग्राहकाकडे माणसाचं प्रोफाइल जातं तेव्हा शिक्षणाचा रकाना रिकामा दिसलेला डिलिव्हरी मॅनेजरला परवडत नाही. म्हणून या कंपन्यांच्या पोर्टलवर पदवीविना दहादा अर्ज करणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. काळही सोपा नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघींची मिळून मनुष्यसंख्या सुमारे ६४ हजारांनी घटली. पदवीधरच रांगेत ताटकळलेले होते.

दारं कुठे उघडी आहेत, तेही पाहू. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीनं २००४ च्या सुमारास बारावी आणि डिप्लोमा झालेल्या मुलांसाठी स्वतःची शाळा काढली. ती आज ‘झोहो स्कूल्स ऑफ लर्निंग’ म्हणून ओळखली जाते. तिथे फी नाही, उलट विद्यावेतन मिळतं. पण चेन्नई किंवा तेनकाशीला जाऊन राहावं लागतं आणि निवड कडक आहे. एचसीएलचा ‘टेकबी’ कार्यक्रम बारावीनंतर लगेच घेतो. गणित हा विषय लागतो, प्रशिक्षणाला फी आहे, पुढे नोकरी. यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते: बारावी पास मुलांना कामावर घेणारी ही कंपनी पुढे त्यांची पदवीही नोकरी करता करता पूर्ण करवून घेते. पदवीची काहीच किंमत नाही असं तिचंही म्हणणं दिसत नाही. ती फक्त क्रम उलटा करते.

याखेरीज दहा-वीस माणसांच्या वेब एजन्स्या, स्टार्टअप, आयटीचं कंत्राट घेणाऱ्या स्थानिक फर्म, हॉस्पिटलं, कारखाने, पतसंस्था. इथे मालक किंवा टेक्निकल लीड स्वतः मुलाखत घेतो. त्याला सोमवारपासून काम करणारा माणूस हवा असतो. पदवीविना पहिली नोकरी बहुतेकांना अशाच ठिकाणी लागते, आणि ती बऱ्याचदा कुणाच्या तरी ओळखीनं लागते.

‘एमएस-सीआयटी झालंय, आता आयटीत लागेन’

एमकेसीएल ही कंपनी २००१ मध्ये स्थापन झाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम महाराष्ट्राच्या गावागावात पोचला. संगणकाची भीती घालवण्याचं त्यानं केलेलं काम मोठं आहे, सरकारी नोकरीत प्रमाणपत्र लागतंही. पण ती संगणकसाक्षरता आहे. आयटीच्या मुलाखतीत तिचं वजन शून्य. टॅली आणि डेटा एंट्रीचंही तेच: त्या ऑफिसातल्या नोकऱ्या झाल्या.

आयटीआयचा ‘कोपा’ हा एक वर्षाचा ट्रेड, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट, दहावीवर होतो आणि त्यात निदान प्रोग्रॅमिंगची तोंडओळख असते. त्याहून पुढचं म्हणजे नायलिट या सरकारी संस्थेचं ओ लेव्हल. वेब डिझायनिंग, पायथन आणि इंटरनेट ऑफ थिंग्ज असे पेपर त्यात आहेत. आणि दहावीनंतर तीन वर्षांचा कॉम्प्युटर डिप्लोमा केलेल्यानं तर स्वतःला ‘पदवी नसलेला’ म्हणून कमी लेखूच नये. त्याला थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगची वाटही खुली आहे.

‘चार-पाच सर्टिफिकेटं घेतली की पदवीची भरपाई होते’

सिस्कोचं सीसीएनए, एडब्ल्यूएसची क्लाउडची प्रमाणपत्रं, टेस्टिंगसाठी आयएसटीक्यूबीचं फाउंडेशन: यांपैकी कशालाच पदवी लागत नाही, आणि ही मोठी सोय आहे. पण बहुतेक परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांच्या असतात, आणि त्यांचे ‘डम्प’, म्हणजे फुटलेल्या प्रश्नांचे संच, बाजारात फिरतात. मुलाखत घेणाऱ्याला हे ठाऊक असतं. म्हणूनच रेड हॅटच्या आरएचसीएसएला वेगळा मान आहे. तिथे पर्याय नसतातच, चालू लिनक्स यंत्रावर काम करून दाखवावं लागतं.

डेस्कटॉप सपोर्टच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. ग्राहकाचं नेट चालत नाही, लॅपटॉपला १६९.२५४ नं सुरू होणारा आयपी पत्ता दिसतोय, काय समजायचं? ज्यानं पाठांतर केलंय तो आयपी पत्त्याची व्याख्या सांगतो. ज्यानं घरी दोन जुने पीसी जोडून खटपट केली आहे तो म्हणतो, डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळाला नाही म्हणून विंडोजनं स्वतःच एक लावून घेतलाय, आधी केबल आणि स्विचचं पोर्ट बघतो. दुसऱ्याची पदवी विचारायची बऱ्याचदा राहून जाते.

कोडिंगकडे वळणाऱ्याचंही असंच. गिटहबवर ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ टाकणारे हजारोंनी आहेत आणि त्यातली निम्मीअधिक एकमेकांची नक्कल वाटते. त्याऐवजी आपल्याच सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब ठेवणारं छोटं ॲप करावं, ते चार माणसांनी खरंच वापरावं, त्यांनी तक्रारी कराव्यात आणि त्या आपण दुरुस्त कराव्यात. मग मुलाखतीत सांगायला गोष्ट मिळते: डेटाबेस असा का ठेवला, पावती दोनदा का निघत होती, ती चूक कशी सापडली. टेस्टिंगमध्ये जायचं असेल तर रोजच्या वापरातल्या एखाद्या ॲपमधले दोष शोधून ते नीट लिहून काढावेत: काय केल्यावर, कुठल्या फोनवर, काय अपेक्षित होतं, काय झालं. असे पाच चांगले बग रिपोर्ट एका छापील प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतात. एआय साधनांमुळे किरकोळ कोड आता कुणीही काढून घेतो, म्हणून ‘हे तूच लिहिलंस का, मग समजावून सांग’ हा प्रश्न जास्तच टोकदार झाला आहे. गूगल समर ऑफ कोड हा मुक्त सॉफ्टवेअरमधला उपक्रमही २०२२ पासून फक्त विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या नवख्यांना त्यात अर्ज करता येतो.

‘इंग्रजी आणि गणित कच्चं, मग आपलं काम नाही’

गणिताची धास्ती उगाच आहे. मशीन लर्निंग, ग्राफिक्स यांत ते खोलवर लागतं, सपोर्ट, टेस्टिंग किंवा साध्या वेब डेव्हलपमेंटला तर्क आणि चिकाटी पुरते. इंग्रजीचं तसं नाही. कोडचे एरर मेसेज, डॉक्युमेंटेशन, टिकिटं सगळं इंग्रजीतच असतं, त्यामुळे वाचता आलंच पाहिजे. बोलणं मोडकंतोडकं असेल तर सर्व्हिस डेस्कला अडतं, बाकी अनेक ठिकाणी निभावतं. सुरुवात मात्र मराठीतून करता येते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स, पायथन, सी असे धडे मराठीत, फुकट आहेत. आश्चर्य म्हणजे आपल्याच लोकांना ते फारसे ठाऊक नाहीत.

‘सहा महिन्यांचा क्लास, शंभर टक्के प्लेसमेंट’

मोठ्या सेवा कंपन्यांत इंजिनिअर फ्रेशरचा वार्षिक पगार दशकाहून जास्त काळ साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो आहे. तेव्हा बारावी पास मुलाला सहा महिन्यांत महिना पन्नास हजार देणारा क्लास सापडला तर आधी संशय घ्यावा. कोचिंग क्लासेसच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, नोकरीच्या खोट्या हमीचा उल्लेख त्यात आहे. क्लासला एकच विचारावं: मागच्या बॅचमधले पदवी नसलेले कोण कुठे लागले, त्यांच्याशी बोलायला मिळेल का? उत्तर टाळलं तर पायऱ्या उतराव्यात.

या गल्लीतला सगळ्यांत घातक माल म्हणजे विकत मिळणारा अनुभव. कुणी तरी सांगतं, दोन वर्षांचं एक्स्पीरियन्स लेटर आणि पगाराच्या पावत्या बनवून देतो, सगळेच करतात. पण नोकरी लागल्यावर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं. २०१४ पासून पीएफला यूएएन हा एकच क्रमांक असल्यामुळे कुठल्या कंपनीनं कधीपासून कधीपर्यंत पीएफ भरला ते पडद्यावर दिसतं. खोटं सापडलं की नोकरी जाते, काळ्या यादीची टांगती तलवार राहते, आणि प्रकरण पोलिसांपर्यंतही जाऊ शकतं. पदवी नसणं हा गुन्हा नाही, हा आहे.

‘एकदा पदवी सुटली की सुटली’

पहिली नोकरी पदवीविना मिळू शकते. अडतं ते साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी. सपोर्टच्या पहिल्या पातळीवरून (एल-१) दुसरीवर (एल-२) जाताना, कंपनी बदलताना, टीम लीड होताना तोच रिकामा रकाना परत समोर येतो. कामात पुढे असलेला माणूस कागदावर मागे पडतो. म्हणून माझं मत सरळ आहे: पदवीविना सुरुवात जरूर करावी, पण पहिल्या पगारातूनच मुक्त विद्यापीठाची फी भरावी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांचे अभ्यासक्रम नोकरी सांभाळून होतात. मुक्त आणि दूरस्थ पद्धतीची मान्यताप्राप्त पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. फक्त प्रवेश घेण्यापूर्वी आयोगाची मान्यताप्राप्त संस्थांची यादी आणि बोगस विद्यापीठांची यादी दोन्ही पाहावीत.

परदेशाचं स्वप्न असेल तर हा हिशेब आणखी काटेकोर होतो. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीचं काही लागतं, आणि तिथल्या नियमात विशेष कामाचा तीन वर्षांचा अनुभव म्हणजे कॉलेजचं एक वर्ष धरतात. पदवी अजिबात नसेल तर चार वर्षांच्या बदल्यात बारा वर्षं. तीन वर्षांची बीसीए हाताशी असेल तर साधारणपणे उरलेल्या एका वर्षापुरता अनुभव दाखवावा लागतो. जर्मनीनं नोव्हेंबर २०२३ पासून आयटीतल्या लोकांना पदवीविनाही ईयू ब्लू कार्ड खुलं केलं आहे. त्यासाठी मागच्या सात वर्षांत निदान तीन वर्षांचा पदवीधराच्या दर्जाचा अनुभव, नोकरीचं पक्कं पत्र आणि ठरलेल्या किमान मर्यादेइतका पगार लागतो. हा अनुभव कागदावर सिद्ध करावा लागतो. त्यामुळे पहिली नोकरी दहा माणसांच्या फर्ममध्ये असली तरी नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, पीएफचा उतारा आणि सोडतानाचं पत्र, ज्यात आपण नेमकं काय काम केलं ते लिहिलेलं असेल, हे पहिल्या दिवसापासून मागून घ्यावं. छोट्या फर्ममध्ये हे कुणी आपणहून देत नाही.