मानवशास्त्र आणि रोगनिवारण

मनुष्यांच्या चालीरीति व समजुती यांचा त्यांच्यांत राहून केलेला अभ्यास, तें मानवशास्त्र. त्याचा रोगनिवारणाशीं काय संबंध, असें आमचे विद्यार्थी विचारतील. पश्चिम आफ्रिकेंतील एक उदाहरण आम्ही त्यांच्यापुढें ठेवितों.

सन २०१४ मध्यें गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन या देशांत इबोला नामक रोगाची भयंकर सांथ पसरली. सन २०१६ पर्यंत ११,००० हून अधिक माणसें तिला बळी पडलीं. हा रोग रोग्याच्या रक्तादि स्रावांच्या स्पर्शानें जडतो. प्रेताचा स्पर्श तर फारच घातक. परंतु मृतास आप्तांनीं स्नान घालून निरोप द्यावा, अशी तिकडील रीति. म्हणून अंगभर संरक्षक पोशाख चढविलेलीं पथकें प्रेतें पिशवींत घालून नेऊं लागलीं. वैद्यकदृष्ट्या हें योग्यच होतें; पण आप्तांना अंत्यदर्शनही घडेना. तेव्हां लोक आजारी माणसें लपवूं लागले, गुपचूप प्रेतें पुरूं लागले, आणि सांथ वाढली.

याच वेळीं गिनींतील किसी जमातीची एक गर्भवती स्त्री मरण पावली. गर्भासह पुरल्यास गांवावर अरिष्ट येतें, अशी तेथील श्रद्धा. म्हणून गर्भ वेगळा करावा, असा आप्तांचा आग्रह. तसें करणाऱ्याचे प्राण धोक्यांत येतील, ही वैद्यांची भीति. दोन्ही पक्ष गांवाच्या हिताचेंच बोलत होते! जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीनें गेलेल्या मानवशास्त्रज्ञ जुलियेन अनोको यांनीं कोणासही हसण्याऐवजीं, या दोषाचें परिमार्जन करणारा विधि आहे काय, याची जाणत्या माणसांकडे चौकशी केली. विधि निघाला, संघटनेनें त्याचा खर्च दिला, आणि शरीरास शस्त्र न लावतां दफन झालें.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत संघटनेनें ख्रिस्ती व मुसलमान धर्मसेवकांच्या सल्ल्यानें सुरक्षित व सन्मानपूर्वक दफनाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत प्रार्थनेस व आप्तांच्या सहभागास जागा मिळाली.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांपैकीं कोणी डॉक्टर होईल, कोणी परिचारिका. गांवच्या समजुतीस अडाणीपणा म्हणून हसण्याची खोड आम्हां शिकलेल्यांस लवकर जडते. आम्ही शिक्षकही तींतून सुटलों नाहीं. औषधाची पेटी उघडण्यापूर्वीं घरांतील आजीजवळ घटकाभर बसा, आणि ती काय मानते व कां मानते, तें ऐकून घ्या. पालकांसही विनंति, कीं मुलांनीं असें विचारल्यास त्यांस मोकळेपणानें सांगावें.