चोवीस तासांच्या आतली खरेदी

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरांत शनिवारचा एक ठरलेला बेत असतो. सकाळी लवकर निघायचं, दीड-दोन तासांत पूल ओलांडून अमेरिकेत बफेलोला किंवा नायगारा फॉल्सच्या आउटलेट मॉलला पोचायचं, दिवसभर दुकानं पालथी घालायची आणि रात्रीच्या जेवणाला घरी. परत येताना पीस ब्रिजच्या किंवा लुईस्टनच्या पुलावर गाड्यांची रांग लागते. खिडकी खाली होते आणि कॅनडाच्या कस्टम्सचा अधिकारी विचारतो: राहता कुठे? किती वेळ बाहेर होता? काय घेतलंत आणि केवढ्याचं?

तिसऱ्या प्रश्नाला सगळे घाबरतात. पावत्या चाळल्या जातात, मागच्या सीटवर कुजबुज होते. खरा निकाल मात्र दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात लागलेला असतो.

कॅनडात राहणारा माणूस देशाबाहेर चोवीस तासांपेक्षा कमी वेळ राहून परतला, तर त्याला मिळणारी करमाफी शून्य. शंभर डॉलर नाही, वीस डॉलरही नाही. चोवीस तास भरले की २०० कॅनेडियन डॉलरपर्यंतचा माल करमुक्त, आणि अठ्ठेचाळीस तास भरले की ८००. हे तास घड्याळाचे मोजायचे असतात. शुक्रवारी संध्याकाळी सातला सीमा ओलांडली, तर शनिवारी संध्याकाळी सातच्या आत परतणाऱ्याला काही मिळत नाही. मध्ये हॉटेलात रात्र काढली म्हणून फरक पडत नाही. चोवीस तासांच्या सवलतीत दारू आणि तंबाखू बसत नाहीत, त्यासाठी अठ्ठेचाळीस तासच लागतात. शिवाय तिला एक काटा आहे, जो बऱ्याच जणांना नाक्यावरच कळतो. माल २०० डॉलरच्या वर गेला, तर वरच्या रकमेवर कर लागतो असं नाही. सवलतच जाते आणि पहिल्या डॉलरपासून हिशोब सुरू होतो.

एक कोट घेऊ. बफेलोच्या दुकानात किंमत १५० अमेरिकी डॉलर, बनावट चीनची. तिथला विक्रीकर पावणेनऊ टक्के, म्हणजे पावती झाली १६३ डॉलर १३ सेंटची. एका अमेरिकी डॉलरला १.४० कॅनेडियन धरले, तर २२८ डॉलर ३८ सेंट. त्याच दिवशी परतलात तर यावर आधी आयात शुल्क लागेल. कपड्यांवर ते साधारण १८ टक्के आहे, म्हणजे ४१ डॉलर ११ सेंट. मग या बेरजेवर ओंटारिओचा १३ टक्के एकत्रित विक्रीकर. अखेरचा आकडा ३०४ डॉलरच्या पुढे. अमेरिकेत भरलेला विक्रीकर वजा होत नाही, उलट तो मालाच्या किमतीतच धरतात आणि त्याच्यावरही शुल्क आकारतात. कराच्या अंगावर कर. लेबलवर २१० कॅनेडियन डॉलरचा वाटलेला कोट जवळपास दीडपट महाग पडला.

आता तोच कोट मेक्सिकोत किंवा अमेरिकेत शिवलेला असता तर? कॅनडा, अमेरिका, मेक्सिको यांच्यातल्या व्यापार करारामुळे शुल्क गेलं असतं, फक्त १३ टक्के कर राहिला असता आणि आकडा २५८वर थांबला असता. रात्र काढून चोवीस तासांनी आणला असता तर? २२८ हा आकडा २००च्या वर, म्हणून सवलत नाही, पुन्हा ३०४. दोन रात्री राहून आणला असता, तर एक पैसाही नाही. कोट एक, अंग एक, पूल एक. कॉलरमागची पट्टी आणि मनगटावरचं घड्याळ एवढ्यावर त्याची किंमत फिरते.

माणसांची सवलत एकत्र करता येत नाही, हेही इथेच सांगायला हवं. नवऱ्याचे दोनशे आणि बायकोचे दोनशे मिळून चारशेचा टीव्ही असं गणित चालत नाही. मुलांच्या नावाची सवलत आईवडिलांना मागता येते, पण वस्तू मुलाच्या वापराची हवी. सहा महिन्यांच्या बाळाच्या नावावर हँडबॅग दाखवण्याचे प्रयत्न झाले नसतील असं मी म्हणणार नाही.

हे वाचून कोणी सकाळचा बेतच रद्द करायला नको. रोजच्या बऱ्याच सामानाला त्याच दिवशीही काही लागत नाही. भाजी, फळं, पाव, धान्य अशा मूळ खाद्यपदार्थांवर कॅनडात एरवीही विक्रीकर नाही, त्यामुळे तो सीमेवरही नाही. पुस्तकं, फोन, लॅपटॉप यांच्यावर आयात शुल्क नाही. विक्रीकर तेवढा भरावा लागतो, जो घराजवळच्या दुकानातही भरलाच असता. पश्चिमेला व्हँकुव्हर-सरेची मंडळी पेट्रोल भरायलाच पलीकडे जातात. व्हँकुव्हरच्या दक्षिणेला पॉइंट रॉबर्ट्स नावाचा अमेरिकेचा तुकडा आहे. जमिनीवरून तिथे जायचं तर कॅनडातूनच जावं लागतं. तिथले पंप कॅनेडियन गिऱ्हाइकांसाठी पेट्रोल गॅलनऐवजी लिटरने विकतात, आणि पार्सल घेऊन ठेवणाऱ्या दुकानांवर गावाचा बराच धंदा चालतो.

खरी मेख आहे ती दुधात. कॅनडाने आपल्या दूध, अंडी आणि कोंबडी उत्पादकांना जपण्यासाठी उत्पादनाचा कोटा आणि आयातीची भिंत अशी दुहेरी व्यवस्था कित्येक दशकं चालवली आहे. ठरावीक मर्यादेपलीकडे आणलेल्या चीजवर २४५.५ टक्के शुल्क आहे, लोण्यावर २९८.५ टक्के. आकडे वाचताना दशांशचिन्ह चुकलं असं वाटतं, पण चुकलेलं नाही. प्रवाशाला माणशी २० डॉलरपर्यंतचे दुग्धजन्य पदार्थ, दोन डझन अंडी आणि दहा किलोपर्यंत कोंबडी या भिंतीच्या आत आणता येते. आपल्याकडची मंडळी इथे फसतात, कारण पनीर, तूप, श्रीखंड हे सगळं दुग्धजन्यातच मोडतं. सत्यनारायणाच्या प्रसादासाठी पलीकडून स्वस्तात तुपाचे डबे उचलले, तर तो हिशोब देवाच्या खात्यात जात नाही.

ही भिंत किती उंच आहे ते २०१२ साली दिसलं. नायगाराच्या पोलीस दलातल्या एका कर्मचाऱ्यासह काही जणांवर अमेरिकेतलं चीज चोरून आणून ओंटारिओतल्या पिझ्झावाल्यांना विकल्याचा गुन्हा दाखल झाला. अमली पदार्थ नाही, शस्त्रं नाहीत, चीज. जिथे किमतीत एवढी तफावत असते तिथे तस्करी उगवतेच. मुंबईला सोन्याचा इतिहास ठाऊक आहे, तिला हे वेगळं सांगायला नको.

पुलाच्या तोंडाशी असलेल्या ड्यूटी फ्री दुकानांबद्दलही गैरसमज फार. परतताना अमेरिकेच्या हद्दीतल्या अशा दुकानात व्हिस्की स्वस्त दिसते, कारण तिच्यावरचा अमेरिकी कर गळालेला असतो. कॅनडाचा कर तिथे कोणी माफ केलेला नसतो. सकाळी गेलेल्या आणि रात्री परतणाऱ्या माणसाला त्या बाटलीवर शुल्क आणि प्रांताची आकारणी अशी दोन्ही भरावी लागते, आणि ती भरल्यावर बाटली बहुतेक वेळा घरच्या दुकानापेक्षा महाग पडते. अठ्ठेचाळीस तास काढलेल्याला मात्र दीड लिटर वाइन किंवा १.१४ लिटर व्हिस्की किंवा साडेआठ लिटर बिअर यांपैकी एक माफ.

शून्य हा आकडा सरकारने अनवधानाने ठेवलेला नाही. कॅनडाची बहुसंख्य वस्ती अमेरिकेच्या सीमेलगतच्या पट्ट्यात आहे. पलीकडची बाजारपेठ मोठी, तिथल्या किमती कमी. १ जानेवारी १९९१ला कॅनडाने सात टक्क्यांचा वस्तू व सेवा कर लावला, त्याच काळात कॅनेडियन डॉलर वधारलेला होता, आणि लोक अक्षरशः लोटले. त्या एका वर्षात कॅनेडियनांनी गाडीने जाऊन त्याच दिवशी परतण्याच्या सुमारे ५ कोटी ९० लाख फेऱ्या केल्या. देशाची लोकसंख्या तेव्हा तीन कोटींच्या आत होती. सीमेवरच्या कॅनेडियन गावांतले दुकानदार हवालदिल झाले. पुढे डॉलर पडत गेला, २००२च्या सुरुवातीला तो ६२ अमेरिकी सेंटांवर आला, तशा फेऱ्याही आटल्या. जे काम कस्टम्सला जमलं नव्हतं ते विनिमय दराने केलं.

२००७मध्ये दोन्ही डॉलर बरोबरीत आले आणि पुन्हा ओरड सुरू झाली. या वेळी ग्राहकांचीही: भाव सारखा, मग आमच्या दुकानात तीच वस्तू महाग का? १ जून २०१२पासून सरकारने सवलती वाढवल्या. चोवीस तासांची ५० वरून २०० झाली, अठ्ठेचाळीस तासांची ४०० वरून ८००. त्याच दिवशीच्या फेरीला मात्र हात लावला नाही. दोन रात्री राहणारा माणूस सरकारच्या लेखी पर्यटक आहे; तो फिरायला गेला आणि येताना चार वस्तू घेऊन आला. सकाळी जाऊन संध्याकाळी येणारा फक्त बाजाराला गेला होता, आणि त्याने घराजवळच्या बाजारातच जावं अशी सरकारची इच्छा आहे. मनातला हेतू ओळखायची सोय नाही, म्हणून कायद्याने तासांवर काम भागवलंय. मला हे तर्कशास्त्र समजतं, पटत मात्र अर्धंच. अमेरिका आपल्या रहिवाशाला अठ्ठेचाळीस तासांच्या आत परतला तरी २०० डॉलरची सूट देते. एकाच पुलावर, एकाच दुपारी, उलट दिशांनी जाणाऱ्या दोन गाड्यांना दोन वेगळे न्याय.

पटत नाही याचं दुसरं कारण कुरियर. १ जुलै २०२०ला नवा व्यापार करार लागू झाल्यापासून अमेरिकेतून कुरियरने आलेलं ४० डॉलरपर्यंतचं पार्सल करमुक्त आहे, आणि १५० डॉलरपर्यंत आयात शुल्क नाही. म्हणजे सोफ्यावर बसून ३५ डॉलरचा चिनी टी-शर्ट मागवणाऱ्याला काही पडत नाही, आणि पेट्रोल जाळून तोच स्वतः आणणाऱ्याला शुल्क आणि कर दोन्ही. सीमेवरच्या दुकानदाराचं संरक्षण हा हेतू असेल, तर त्याचा खरा प्रतिस्पर्धी आज पुलावरून येत नाही.

व्यवहारात खिडकीतला अधिकारी काय करतो, हा वेगळा विषय. शून्य म्हणजे शून्य असलं तरी पन्नास-साठ डॉलरची खरेदी सरळ सांगणाऱ्याला, विशेषतः मागे मोठी रांग असेल तर, हात करून सोडून दिल्याचे अनुभव इथे घरोघरी ऐकायला मिळतात. वीस डॉलरच्या वसुलीसाठी गाडी बाजूला घ्यायची, आत पाठवायची, पावती फाडायची हे सरकारलाही परवडत नाही. पण ही अधिकाऱ्याची मर्जी झाली, प्रवाशाचा हक्क नव्हे. मुलुंड-दहिसरचे जकात नाके २०१७पर्यंत पाहिलेल्या मुंबईकराला हा फरक लगेच कळेल.

आकडा दडवला तर मात्र मर्जी संपते. माल जप्त होतो आणि सोडवायला त्याच्या किमतीच्या पाव हिश्शापासून सत्तर टक्क्यांपर्यंत दंड बसू शकतो. गाडीही अडकू शकते. त्याची नोंद राहते आणि पुढच्या फेऱ्यांत झडती वाढते. जलद रांगेचं नेक्सस कार्ड असलेल्यांचं कार्ड जाऊ शकतं. नव्या चपला पायात घालून, लेबलं मॉलच्या कचऱ्यात टाकून येण्याची युक्ती अधिकाऱ्यांना आपल्याइतकीच जुनी आहे.

२०२५मध्ये या सगळ्यावर व्यापारयुद्धाचा थर चढला. ४ मार्चपासून कॅनडाने अमेरिकी मालाच्या मोठ्या यादीवर २५ टक्के प्रतिशुल्क लावलं. यादीत संत्र्याचा रस, पीनट बटर, कॉफी होतं, तसेच कपडे, चपला आणि सौंदर्यप्रसाधनंही. सवलतीबाहेरचा माल आणणाऱ्या प्रवाशालाही ते लागू होतं, आणि त्याच दिवशी परतणाऱ्याचा तर सगळाच माल सवलतीबाहेरचा. १ सप्टेंबरला यातलं बरंचसं मागे घेतलं गेलं. पण तोवर कित्येकांनी रागाने पलीकडे जाणंच सोडलं होतं, आणि गाडीने होणाऱ्या फेऱ्या मोठ्या प्रमाणात घटल्या होत्या.

शिक्षणाच्या किंवा कामाच्या परवान्यावर कॅनडात राहणाऱ्या मुलांनाही हीच तासांची शिडी लागू आहे. भेटीला आलेल्या आईवडिलांसाठी, म्हणजे पाहुण्यांसाठी, नियम वेगळे आहेत. त्यांनी स्वतःच्या वापराचं आणलेलं आणि परत नेणार असलेलं सामान करात येत नाही. कॅनडातल्या कुणासाठी भेट आणली, तर ती ६० डॉलरपर्यंत माफ.

एक काम मात्र निघण्याआधी करून ठेवावं. पलीकडे लग्नाला किंवा गणपतीला जाताना अंगावर दागिने असतात, आणि परतताना ते तिथेच घेतलेले नाहीत हे सिद्ध करायची वेळ येऊ शकते. कॅमेरा-लॅपटॉपला अनुक्रमांक असतो, तो दाखवून कॅनडाच्या कस्टम्स कार्यालयात जाण्यापूर्वी नोंद करून मिळते. पैसे लागत नाहीत आणि तो कागद पुढच्या फेऱ्यांनाही चालतो. पाटल्या-बांगड्यांना अनुक्रमांक नसतो. त्यासाठी सराफाकडून मूल्यांकन करून घ्यायचं, सोबत सही केलेला फोटो, आणि दागिना कॅनडात घेतला असेल तर त्याची पावती. भारतातून आणलेला असेल, तर तो पहिल्यांदा देशात आणताना जाहीर केल्याचा कागद. स्थायिक व्हायला आलात त्या दिवशी विमानतळावर सामानाची जी यादी दिली होती, तिच्यात मंगळसूत्र आणि पाटल्या लिहिल्या होत्या का, ते एकदा कपाटातून काढून पाहा.