फोनचा झूम कुठे थांबतो?

अंबड एमआयडीसीतला एक मित्र मला पार्टचे फोटो पाठवतो: "झूम करून सांग ना, प्लेटिंग का सुटतंय?" पण झूमने पिक्सेल मोठे होतात, माहिती वाढत नाही. लेन्स कितीही भारी असो, साध्या प्रकाशात साधारण २०० नॅनोमीटरहून जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत; प्रकाशाची तरंगलांबीच आडवी येते.

इथे एसईएम, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. यात इलेक्ट्रॉनचा बारीक झोत नमुन्यावर ओळीओळीने फिरतो आणि तिथून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन टिपून चित्र बनतं. पार काही नॅनोमीटरचे बारकावे दिसतात. जोडीला ईडीएस असेल तर कुठली मूलद्रव्यं आहेत तेही कळतं. म्हणजे थराखाली भेग होती की घाण राहिली होती, याचा अंदाज बांधता येतो. प्लास्टिकवर मात्र आधी सोन्यासारख्या धातूचा पातळ थर देतात, नाहीतर चार्ज साचून चित्र बिघडतं.

(इन्स्टावरचे ते रंगीत फोटो? मूळ चित्र काळं-पांढरंच असतं, रंग नंतर भरतात.)

आयआयटी मुंबईच्या 'सैफ' केंद्रात बाहेरच्यांनाही फी भरून नमुने तपासून घेता येतात. पाठवताना सुटलेल्या जागी बोट लावू नका, बोटाचं तेलही तिथे दिसतं.