बिबा : यवतमाळच्या रानातील भल्लातक

पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत कोलाम पोडांना आणि गोंड वस्त्यांना लागून जे पानगळीचे रान आहे, त्यात बिब्याचे झाड आढळते. संहितांतील भल्लातक तो हाच. आपली त्याच्याशी गाठ बहुधा व्यापाऱ्याच्या पोत्यातच पडते.

रानालगतच्या माणसाच्या लेखी हे एक फळ नसून तीन द्रव्ये आहेत. फळाखालचा नारिंगी, मांसल भाग भाजून किंवा वाळवून खातात. कवचातील काळे तेल बाह्योपचाराचे; काटा मोडलेला तळवा, टाचेची भेग, दुखरा सांधा येथे ते सुईच्या टोकाने, नेमक्या जागीच लावतात. आतील गर म्हणजे गोडंबी. ती बाळंतिणीच्या लाडवात पडते. भावप्रकाश निघंटूने फळ, वृंत व मज्जा यांचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत आणि वृंत पित्तघ्न, मज्जा मधुर व बृंहण मानली आहे. हाच विवेक पोडावर ग्रंथावाचून टिकला आहे. तिबेटी सोवा-रिग्पा वैद्यकातही बिबा आहे. पठारावर त्याचे झाड नाही, माल खालच्या मुलखातून वर जातो.

संग्रहकालाचा प्रश्न मात्र विचारात घेण्याजोगा आहे. चरकांनी रसायनाध्यायात जांभळासारखी पक्व, निर्दोष फळे ज्येष्ठ-आषाढात गोळा करून चार महिने यवाच्या किंवा माषाच्या राशीत ठेवावयास सांगितले आहे. आपल्याकडे बिबा हिवाळ्यात पिकू लागतो. तेव्हा पंचांगापेक्षा फळाची पक्वता हाच निकष धरावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पाण्यात तरंगणारी फळे टाकावीत, बुडणारी घ्यावीत, ही परीक्षा जुनीच आहे. पण कंत्राटी मालात ती कोण करतो?

शोधनातही अशीच घाई होते. टोपी काढून, फळे विटेच्या चुऱ्यात घोळून, घासून, गरम पाण्याने धुण्याचा विधी वेळखाऊ आहे. तो टाळलेला माल भल्लातकासवात किंवा संजीवनी वटीत गेला, तर त्याचा दोष रुग्णाच्या अंगावर उमटतो. औषधे नियम, १९४५ च्या अनुसूची ई(१) मध्ये भल्लातकाची गणना विषारी द्रव्यांत आहे. ते असलेले पोटात घ्यावयाचे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, ही सूचना वेष्टनावर हवी. औषधालय चालविणाऱ्यांनी आपली वेष्टने एकदा तपासावीत.

गोडंबी स्वस्त नसते, पण ती फोडणाऱ्या स्त्रीची मजुरी स्वस्त असते. दगडावर बिबा फुटला की तेल उडते. हात काळे पडतात, चेहऱ्यावर फोड येतात. राख चोळणे हेच तिचे संरक्षण. बिबा उतल्याची रुग्णा आली की आपण खोबरेल किंवा तिळाचे तेल सुचवितो, तापापासून व उन्हापासून दूर राहावयास सांगतो. चुलीसमोर बसणाऱ्या बाईला हे पथ्य कसे पाळता येणार, हा प्रश्न मात्र चिकित्सापत्रात येत नाही. गोडंबी खरेदी करणाऱ्या औषधालयांनी निदान हातमोजे व तेल पुरवावे आणि त्याचा खर्च भावात धरावा. तेल डोळ्यांत गेल्यास घरगुती उपाय करीत बसू नये; स्वच्छ पाण्याने डोळे भरपूर धुऊन रुग्णेला तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे धाडावे.